बालातच्या बाजूने चढू नका: इस्तंबूलच्या कारिये मशिदीपर्यंत

कारिये म्हणजे मोझॅक आणि भित्तिचित्रं असलेलं जुनं चर्च, आता मशीद. सगळ्यात आधी तिथल्या रस्त्याचं सांगते, कारण आमची फसगत तिथेच झाली. "टी-फाइव्ह ट्राम पकडा, बालातला उतरा, तिथून दहा मिनिटं चाललं की कारिये," असं आम्हाला दोघांनी सांगितलं होतं, एकाने तर नकाशावर बोट ठेवून. नकाशावर ते अंतर खरंच एवढंसं दिसतं, पण चढ त्यात दिसत नाही.

बालात गोल्डन हॉर्न या खाडीच्या काठावर आहे, जवळजवळ पाण्याच्या पातळीला. कारिये आहे वर, जुन्या तटबंदीजवळ, एदिर्नेकापीच्या टेकडीच्या अंगाला. मधल्या गल्ल्यांना वळणं नाहीत, त्या सरळ छातीवर येतात. दगडी फरसबंदी गुळगुळीत झालेली, फूटपाथ हातभर रुंद, त्यावरही गाड्या लावलेल्या, आणि मध्येच पायऱ्या. बरोबर माझी आई होती, वय 68. ती सिंहगड दोनदा चढलेली आहे, पण आता डावा गुडघा बोलतो. पहिल्या पायऱ्यांनंतर ती एका घराच्या उंबऱ्यावर बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा वरच्या खिडकीतून एका बाईंनी आम्हाला पाहिलं आणि खाली येऊन पाण्याची बाटली दिली. दहा मिनिटांचे पन्नास झाले. वर पोचलो तर दुपारच्या नमाजाची वेळ झालेली. आत सोडेपर्यंत बाहेर थांबावं लागलं. ऊन, घाम आणि आईचा सुजलेला गुडघा. त्या क्षणी मी परत फिरायला तयार होते. आईच म्हणाली, "एवढं वर आणलंस, आता बघूनच जाऊ."

म्हणून रस्ता असा धरा. सुलतानअहमेतहून टी-वन ट्रामने तोपकापी स्टॉपपर्यंत जा. हा स्टॉप म्हणजे तोपकापी राजवाडा नव्हे. नाव तेच, पण राजवाडा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि इथे बरेच जण चुकतात. तिथून टी-फोर घेऊन एदिर्नेकापीला उतरा. तटबंदीच्या आत आलात की मिहरिमाह सुलतान मशीद दिसते. तिथून कारियेपर्यंत सगळा उतार. एदिर्नेकापी हा जुन्या शहराच्या तटबंदीवरचा सर्वात उंच भाग आहे, म्हणजे चढायचं काम ट्राम करते. एक ट्राम बदलावी लागते, एवढाच त्रास. गुडघेदुखी असलेल्या माणसाला बालातमार्गे नेऊ नका, आणि तरुण असलात तरी चढण्यात दम घालवू नका. तो दम आत मान वर करून उभं राहायला लागतो.

दुसरी चुकीची माहितीही अशीच पक्की मिळाली होती: "आता मशीद झाली, सगळं झाकलंय, पैसे वाया." हे ऐकून आम्ही कारिये जवळजवळ वगळलंच होतं, म्हणून यावर स्पष्ट लिहिते. मूळचं हे खोरा मठाचं चर्च. खोरा म्हणजे शहराबाहेरचं रान, कारण सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधलेल्या जुन्या तटाच्या ते बाहेर पडायचं. ऑटोमन काळात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्याची मशीद झाली. 1945 मध्ये संग्रहालय करायचं ठरलं, अमेरिकन तज्ज्ञांनी गिलाव्याखालची चित्रं मोकळी केली आणि 1958 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. 2020 मध्ये पुन्हा मशीद करण्याचा हुकूम निघाला आणि डागडुजीनंतर 6 मे 2024 पासून इथे नमाज सुरू झाला. झाकलंय म्हणतात ते फक्त मधल्या मुख्य दालनात, जिथे गालिचा आहे आणि नमाज होतो. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या मेहराबच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, दोन बाजूंची येशूची आणि मेरीची चित्रं पडद्याआड होती. पण या वास्तूचा जीव त्या दालनात नाहीच. तो पुढच्या दोन ओसऱ्यांत आणि बाजूच्या लांबट दफनमंडपात आहे, आणि ते सगळं उघडं आहे.

परदेशी माणसाचं तिकीट 20 युरो. दोघींचे मिळून चार हजार रुपये गेले. रक्कम मोठी आहे, पण मी हे पैसे पुन्हा देईन. आदल्या दिवशी आयासोफिया या मोठ्या, प्रसिद्ध मशिदीत माणशी 25 युरो दिले आणि वरच्या सज्ज्यातून खाली बघून परत आलो. पर्यटकांना आता तळमजल्यावर सोडत नाहीत, हे रांगेत उभं राहिल्यावर कळलं. घुमट भव्य आहे, नाही म्हणणार नाही. पण खिशात एकाच तिकिटाचे पैसे असतील तर कारियेला जा.

आत शिरल्यावर घाई करू नका. ओसऱ्या अरुंद आहेत, गट आले की चेंगराचेंगरी होते, पण गट दहा-पंधरा मिनिटांत निघून जातात. भिंतीला टेकून थांबा. दुर्बीण न्या, छोटी चालेल. आमच्याकडे सह्याद्रीत पक्षी बघायची होती, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडली. चित्रं नखाएवढ्या काचेच्या आणि दगडाच्या तुकड्यांची, म्हणजे मोझॅकची, आहेत, आणि कमानींत, छोट्या घुमटांत इतकी वर की नुसत्या डोळ्यांनी चेहरे दिसतात, नजर दिसत नाही.

आतल्या ओसरीत मुख्य दालनाच्या दारावर बघा. गुडघे टेकून बसलेला एक माणूस येशूला छोटंसं चर्च हातात धरून देतोय, आणि त्याच्या डोक्यावर भोपळ्याएवढं फुगलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं पागोटं आहे. हा थिओडोर मेतोखितिस, बायझंटाइन सम्राटाचा खजिनदार आणि पुढे मुख्य प्रधान. 1315 ते 1321 या काळात त्याने स्वतःच्या पैशाने हे चर्च नव्याने उभं केलं आणि ही सगळी चित्रं करून घेतली. बाहेरच्या ओसरीत त्याच्या खात्याचंच चित्र आहे: गरोदर मेरी करासाठी नाव नोंदवायला अधिकाऱ्यासमोर उभी आहे आणि कारकून पट उलगडून लिहितोय. 1328 मध्ये सम्राट बदलला, मेतोखितिसची मालमत्ता गेली, त्याला हद्दपार केलं. शेवटी तो याच मठात साधू होऊन राहिला आणि 1332 मध्ये इथेच गेला. दारावरचं आपलं ते पागोटं तो रोज बघत असेल.

आई मात्र दुसऱ्याच चित्राखाली अडकली. आतल्याच ओसरीत तान्ह्या मेरीला आईबाप दोघं मिळून कुशीत घेऊन गोंजारतायत, गाल गालाला लावून. शेजारच्या चित्रात तीच पोर पहिली सात पावलं टाकतेय, आई हात पुढे करून बसलीय, मागे दासीची ओढणी वाऱ्याने फुगलीय. आईने दुर्बीण बराच वेळ परत दिली नाही.

दफनमंडप शेवटी ठेवा, आणि त्यासाठी अर्धा तास राखा. तिथे मोझॅक नाहीत, ओल्या गिलाव्यावर रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. टोकाच्या अर्धघुमटात पांढऱ्या वस्त्रातला येशू एका हाताने आदमला, दुसऱ्या हाताने हव्वाला मनगट धरून थडग्यातून ओढून काढतोय. हात नाही, मनगट. पडणाऱ्याला आपण जसं पकडतो तसं. त्याच्या पायाखालच्या अंधारात मृत्यू बांधून टाकलेला आहे आणि आजूबाजूला तुटलेली कुलपं, किल्ल्या, कड्या विखुरल्यात. दुर्बिणीतून एकेक किल्ली मोजता येते. तिथे मला रडू आलं. कुणाचा धर्म कोणता हा विचार तेव्हा मनात नव्हता.

काही बाबी घाईने सांगते. शुक्रवारी पर्यटकांना आत घेत नाहीत, त्या दिवशी जाऊच नका. इतर दिवशी सकाळी लवकर पोचा आणि नमाजाच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा. बायकांनी डोकं झाकायला ओढणी घरूनच न्यावी. गालिच्यावर जाताना चपला काढाव्या लागतात, म्हणून मोजे घाला आणि पटकन निघतील असेच बूट घाला. मुख्य दालनात जायचं ते भिंतींसाठी: एकच संगमरवरी फळी चिरून पुस्तक उघडावं तशी जोडलीय, त्यामुळे शिरा दोन्ही बाजूंना सारख्या उमटतात. तिथे लोक प्रार्थनेला बसलेले असतात, तेव्हा फोन खिशात ठेवा. 

बालातच्या गल्ल्या बघायच्याच असतील तर परतताना बघा. उतारावर तो रस्ता चांगला आहे, रंगीत घरं, मध्येच खाली पाणी चमकतं, फक्त पावसात फरसबंदीवर पाय घसरतो. आम्ही त्याच वाटेने उतरलो. तो उंबरा आला तेव्हा आईने वर बघितलं. खिडकी बंद होती. रिकामी बाटली तिने उंबऱ्याच्या कोपऱ्यात ठेवली, शेजारी पर्समधली आळेपाकाची पुडी ठेवली आणि माझा दंड धरून पुढच्या पायऱ्या उतरायला लागली.