पाणी घालत होते, पण ते मुरत नव्हतं

गच्चीवरच्या माझ्या वाफ्यातली झाडं 21 दिवस तहानलेली होती, आणि मुद्दाम थांबलेले दोन दिवस सोडले तर त्या 21 दिवसांत मी एकदाही पाणी चुकवलं नव्हतं. आता सगळं मार्गी लागलंय, तरी ते दिवस आठवले की चुटपूट लागते. बहुतेक जण एकच सांगायचे, "उन्हाळा आहे, पाणी वाढव." मी वाढवत गेले आणि झाडं माना टाकत गेली. वर हात लावावा तर माती ओली, खालच्या भोकांतून पाणी टपकतंय, मग कमी काय पडतंय? आत हात घालून बघ, एवढं साधं कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चवळीचे दोन वेल वाचले असते.

वाफा बांधायला काहीच त्रास झाला नाही. चार फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल अशी फळ्यांची चौकट केली, तळाला निचऱ्याची भोकं ठेवली आणि ती विटांवर उचलून घेतली, म्हणजे खालून हवा खेळते आणि स्लॅबवर ओल साचत नाही. वाफा तुळईच्या वर येईल अशी जागा निवडली. वजनाचा विचार मात्र आधी करावाच लागतो. एवढ्या वाफ्यात सव्वादोनशे लिटर माल बसतो. नुसती माती भरली तर ओली झाल्यावर तिचं वजन 300 किलोच्या पुढे जातं. म्हणून मी माती कमी घेतली आणि कंपोस्ट व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त घातलं. मिश्रण हलकं, भुसभुशीत, हातात घेतलं तरी आनंद व्हावा असं झालं. भेंडी, चवळी, दोन वांगी आणि दोन टोमॅटो लावले. याच हलक्या मिश्रणानं पुढे मला रडवलं.

भेंडी वीतभर झाली आणि दुपारी पानं मलूल दिसायला लागली. त्याला मी घाबरले नाही. कडक उन्हात पानांतून जितक्या वेगानं पाणी उडतं तितक्या वेगानं मुळं ते पुरवू शकत नाहीत, म्हणून दुपारी झाड सुस्तावतं आणि ऊन कललं की पुन्हा ताठ होतं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी सहाला वर गेले तर तीच अवस्था. रात्रभर गारव्यात राहूनही झाड सकाळी मान टाकून उभं असेल, तर ते दुपारचं सुस्तावणं नव्हे. त्या सकाळी मी खुरपं हातात घ्यायला हवं होतं. मी झारी घेतली.

दहा लिटरच्या दोन झाऱ्या संध्याकाळी घालत होते, त्या सकाळीही घालायला लागले. पाच मिनिटांत खालून धार लागायची. ती धार मी पुरावा मानली, की वाफा तळापर्यंत भिजला. मग एकानं सांगितलं, जास्त पाण्यानं मुळं कुजली असतील, दोन दिवस थांब. थांबले, आणि त्या दोन दिवसांत चवळीचे दोन वेल गेले. दुसऱ्यानं सांगितलं, भूक आहे, द्रवखत दे. दिलं, तर वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या. तहानलेल्या मुळांशी खताचे क्षार साचले की मुळांना असलेलं पाणीही घेता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कोरड्या मातीत खत कधीच देऊ नका, आधी पाणी, मग खत.

शेवटी आईला फोन केला. तिचं लहानपण शेतावर गेलेलं. मी झाऱ्यांचा हिशेब सांगायला लागले तर तिनं मध्येच तोडलं. "अगं, किती घातलंस ते नको सांगू. आत हात घालून बघितलंस का? वाफसा आहे का?"

भेंडीच्या दोन रोपांमध्ये खुरप्यानं उकरलं. वर दोन बोटं ओलावा आणि त्याखाली पिठासारखी कोरडी धूळ. ओली नाही, दमट नाही, फुंकली तर उडेल अशी. फळीच्या कडेला बघितलं तर माती आकसून फळीपासून सुटलेली, करंगळी जाईल एवढी फट चारी बाजूंनी. मी ओतलेलं सगळं पाणी वरच्या थरावरून घरंगळत त्या फटीत जात होतं आणि मुळांना न शिवता थेट तळाच्या भोकांतून बाहेर पडत होतं. मी तिथेच बसून राहिले. 21 दिवस मी स्लॅब धूत होते.

कंपोस्ट, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट असलं सेंद्रिय मिश्रण एकदा ठार कोरडं झालं की पाणी चटकन धरत नाही, उलट झटकतं. त्याच्या कणांवर मेणासारखा पातळ थर असतो, ओल असेपर्यंत तो आड येत नाही. मी उकरलेल्या धुळीवर चमचाभर पाणी टाकून पाहिलं, ते मोत्यासारखं गोळा होऊन तसंच बसलं. जमिनीतल्या वाफ्याला खालून ओल येत राहते. गच्चीवर खालून तापलेला स्लॅब, बाजूंनी तापलेल्या फळ्या आणि वरून वारा. सुरुवात माझ्याकडूनच झाली होती. रोपं लहान होती तेव्हा मी रोज वरवर शिंपडत होते, त्यामुळे खालचं अर्धा फूट मिश्रण पहिल्या आठवड्यातच वाळून गेलं.

दुरुस्तीला चार दिवस लागले. आधी फटींत तेच मिश्रण भिजवून दाबून भरलं. मग बोटाएवढ्या सळईनं, रोपांच्या बुंध्यापासून चार बोटं लांब, वाफाभर खोल भोकं पाडली. पहिल्या झारीत सौम्य द्रव साबणाचे मोजून चार थेंब घातले, त्यानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते कोरड्या कणांना चिकटतं. हे एकदाच करायचं, सवय लावायची नाही. मग सगळा जोर सावकाशीवर. अर्धी झारी, अर्धा तास थांबायचं, पुन्हा अर्धी झारी, असे पाच-सहा फेरे. खालून थेंब पडला की लगेच थांबायचं. पहिल्या संध्याकाळी ओल चार बोटं खाली गेली होती, दुसऱ्या दिवशी वीतभर. तिसऱ्या दिवशी मनगटापर्यंत हात घातला आणि आत गार लागलं. मूठभर माती आवळली तर तिचा गोळा झाला, बोटानं ढकलल्यावर फुटला, पाणी मात्र गळलं नाही. आई म्हणत होती तो वाफसा हाच. चौथ्या दिवशी सकाळी सहाला भेंडी ताठ उभी होती. त्या आनंदात चहा विसरून मी तासभर गच्चीवरच थांबले.

नंतर शांतपणे हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात पिकातून आणि मातीतून मिळून रोज सहा ते आठ मिलिमीटर पाणी उडतं. माझा वाफा पाऊण चौरस मीटर, म्हणजे त्याची रोजची गरज पाच-सहा लिटर. गच्चीवरचा वारा आणि तापलेल्या कडा धरून आठ म्हणा. मी चाळीसपर्यंत गेले होते. "पाणी वाढव" या सल्ल्याचा मला राग का येतो, ते आता समजेल.

आता मी सकाळी लवकर आठ लिटर देते, तेही दोन फेऱ्यांत. नळीनं देत असाल तर पहिलं पाणी बादलीत सोडा. उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, संध्याकाळीसुद्धा. वाळलेल्या पानांचं दोन इंच आच्छादन घातलंय, फक्त बुंध्याभोवती मोकळी जागा ठेवलीय. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आच्छादनाखालची माती दुपारीही हाताला गार लागते. बारा ते चार या वेळेसाठी वर हिरवी जाळी बांधली. फळभाज्यांना फार दाट जाळी नको, तिच्याखाली झाड नुसतं उंच होतं आणि फुलं कमी येतात.

टोमॅटोबद्दल सांगायचं राहिलं. पाण्याचं जमल्यावरही त्याची फुलं गळत होती आणि मला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. हात घालून पाहिलं तर वाफसा होता. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या आसपास आणि रात्रीही गारवा नसेल तर टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल फळ न धरताच गळतं. त्यावर खताचा उपयोग नाही, थांबावं लागतं. जी दोन-तीन फळं आधीच धरली होती त्यांचा तळ काळा पडला. तेही माझ्या त्या 21 दिवसांचं देणं. पाणी कधी मिळतं, कधी नाही, असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही.

वांग्याच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके दिसले तर पान उलटून बघा. कोरड्या गरम हवेत लाल कोळी ही बारीक कीड वाढते, खाली बारीक जाळी दिसते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला की बरीच आटोक्यात राहते. कडुनिंबाचं तेल मारायचं तर ऊन उतरल्यावरच, नाहीतर पानं भाजतात.

भेंडी आता एक दिवसाआड काढते, दोन-तीन दिवस विसरली की निबर होते. दुसऱ्या वाफ्याची चौकट तयार आहे. या वेळी कोरडं मिश्रण भरून वरून झारी धरणार नाही. ताडपत्रीवर पसरून, थोडं थोडं पाणी घालत, वरखाली कालवून रात्रभर झाकून ठेवलंय. सकाळी मूठ आवळून बघेन आणि गोळा झाला तरच भरेन.