‘माध्यम’ नावाच्या रकान्याने काढलेला घाम

मिश्र माध्यमात, म्हणजे एकाच कलाकृतीत रंग, कापड, लाकूड असं वेगवेगळं साहित्य वापरून, काम करणाऱ्या नागपूरकरांसाठी मुद्दाम लिहितेय. एका प्रदर्शनाच्या प्रवेशिकेने मला इतकं छळलं, की राग अजून उतरलेला नाही.

फी, फोटो सगळं सुरळीत झालं. अडलं ते ‘माध्यम’ या रकान्यात. पर्याय तीनच: चित्र, शिल्प, मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र). माझ्या कामात संत्र्याच्या पेटीच्या फळ्या, त्यावर आजीच्या नागपुरी लुगड्याचे काठ आणि वरून अ‍ॅक्रिलिक रंग. खिडकीवरचे बाबू म्हणाले, “मॅडम, हे चित्र आहे का शिल्प, ते आधी ठरवा ना.” चित्र म्हणावं तर फळ्या पुढे येतात, शिल्प म्हणावं तर ते भिंतीवर कसं? मग ‘साहेब आले की या’. मे महिन्याच्या उन्हात चौकट स्कूटीला बांधून पुन्हा तीच खिडकी. शेवटी एकाने सुचवलं, काठ काढून टाका, नुसता रंग ठेवा. काठ काढू? नेसून नेसून विरलेल्या त्या धाग्यांसाठीच तर सगळा खटाटोप!

पिकासोने कॅनव्हासवर वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवून भोवती दोर गुंडाळला, तो 1912 साली. चित्रकार गायतोंडे जन्मले, रझा चित्रकला शिकले, त्या शहरात मला हे अजून समजावून सांगावं लागतं, याचं फार वाईट वाटलं.

वाट दाखवली अमेरिकन कलाकार रॉशेनबर्गने. टायरमध्ये अडकवलेला त्याचा पेंढा भरलेला बकरा माझ्या अत्यंत आवडीचा. 1955 ते 1959 मधलं हे काम. त्याच्या माध्यमाच्या नोंदीत तैलरंग, कागद, कापड, लाकूड तर आहेच, बुटाची रबरी टाच आणि टेनिसचा चेंडूही आहे. मीही अर्जासोबत तसंच लिहून दिलं: काय काय वापरलं, कशावर चिकटवलं, जाडी, वजन, टांगायची सोय. ‘मिश्र माध्यम’ हे दोन शब्द लिहून थांबले नाही. साहेबांनी कागद वाचला आणि ‘चित्र’ म्हणून सही केली. जीव भांड्यात पडला, आणि काठ शाबूत राहिले याचा अभिमान वाटला.

समोरच्या फोटोसोबत बाजूनेही एक काढा, जाडीचा वादच मिटतो. आणि हो, तैलरंग वापरणार असाल तर अ‍ॅक्रिलिकच्या वर लावा. तेलावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात. कागद दिल्यावर शिक्क्याची पोच मात्र तिथेच मागून घ्या.