रात्री बोट कुठे थांबवता?

शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की मुलांच्या शाळेचा विषय निघतो, वादळांचा निघतो. पण हमखास येणारा प्रश्न वेगळाच असतो: ‘समुद्र ओलांडताना रात्री बोट कुठे थांबवता?’ अंधार पडला की नांगर टाकायचा, जेवून झोपायचं आणि सकाळी पुन्हा शिडं चढवायची, असं चित्र विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थांबवत नाही. महासागराची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आणि आमच्या नांगराची साखळी ७० मीटर, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो. बोट रात्रंदिवस चालतच राहते. वेग पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर धरा. सायकलवाला आम्हाला सहज मागे टाकेल. पण ती चोवीस तास चालते, म्हणून दिवसाकाठी १२० ते १४० सागरी मैल पडतात. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जायचं तर अंतर २,७०० मैलांच्या घरात आहे, म्हणजे आमच्यासारख्या बोटीला तीन आठवडे. रोज रात्री थांबायची सोय असती तरी ती आम्हाला परवडली नसती. पिण्याचं पाणी आणि शिधा मोजूनच घेतलेला असतो.

सुकाणू धरून मात्र रात्रभर कोणी बसत नाही. ते काम ऑटोपायलट करतो, किंवा बोटीच्या मागच्या टोकाला बसवलेलं, निव्वळ वाऱ्यावर चालणारं यंत्र करतं. त्याला वीज लागत नाही आणि ते कंटाळत नाही, म्हणून माझा जीव त्याच्यावर जास्त आहे. माणसाचं काम जागं राहण्याचं. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजावरून सतत नजर ठेवली गेली पाहिजे. लहान बोट म्हणून सूट नाही. (एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे हा नियम कसा पाळतात, ते त्यांनाच विचारा.)

आमच्याकडे तीन-तीन तासांच्या पाळ्या असतात. रात्र नवरा आणि मी वाटून घेतो. थोरली आता मोठी झाली आहे, ती संध्याकाळची पाळी सांभाळते, त्या वेळी आमच्यापैकी एकजण हाकेच्या अंतरावर झोपलेला असतो. पाळी म्हणजे दर दहा मिनिटांनी उठायचं, उभं राहून क्षितिजावरून सगळीकडे एकदा नजर फिरवायची, मग बसायचं. दहाच मिनिटं का, तर मालवाहू जहाज २० नॉटने येत असेल तर पाव तासात पाच मैल कापतं. मघाशी जिथे काहीच नव्हतं, तिथे ते उभं राहतं. अंधारात जहाज दिसत नाही, दिवे दिसतात. डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा. नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते सरळ आपल्यावर येतंय. धाकट्याला पाढ्यांआधी हे येत होतं.

एआयएस म्हणजे जहाजांनी रेडिओलहरींवरून स्वतःची माहिती आपोआप कळवत राहण्याची यंत्रणा. तिच्या पडद्यावर जहाजाचं नाव, वेग आणि ते किती जवळून जाणार तेही दिसतं. शंका आली तर रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर नावानिशी हाक मारायची; नुसतं ‘अहो जहाजवाले’ म्हटलं तर कोणी स्वतःवर घेत नाही. पण लहान मासेमारी होड्या या पडद्यावर असतीलच असं नाही, म्हणून डोळे लागतातच.

रात्री बाकी काही नियम नसले तरी चालतील, एक मात्र लागतो. कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसायची जागा, सोडून पुढे डेकवर जायचं असेल तर आधी दुसऱ्याला उठवायचं आणि कमरेच्या दोरीचा हुक डेकवर ताणलेल्या पट्ट्याला अडकवायचा. हुकाचा खट्ट आवाज ऐकल्याशिवाय मी नवऱ्यालासुद्धा पुढे सोडत नाही. पाच नॉट हळू वाटतात, पण माणूस पडला तर एका मिनिटात बोट दीडशे मीटर पुढे गेलेली असते, तीही अंधारात. रात्री पुढे जायची वेळ येऊच नये म्हणून वारा कितीही गोडीत असला तरी मावळतीआधी आम्ही शीड एका टप्प्याने कमी करतो. वेग थोडा जातो. पण मध्यरात्री वारा वाढलाच तर झोपलेल्याला उठवावं लागत नाही, आणि बोटीवर झोपेपेक्षा मौल्यवान काही नाही.

मुलं मात्र गाढ झोपतात. त्यांचे पलंग बोटीच्या मध्यावर, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. उघड्या बाजूला जाड कापड ताणून भिंत केलेली असते, म्हणजे बोट कलली तरी कोणी घरंगळत नाही.

खरं सांगू? आमची झोप उडते ती किनाऱ्याजवळ. खोल समुद्रात आपटायला काही नसतं. खडक, उथळ जागा आणि दुसऱ्यांच्या बोटी सगळ्या जमिनीच्या आसपास. शिवाय नांगर टाकला म्हणजे बोट बांधली, असं नसतं. नांगर नुसत्या वजनाने धरत नाही, तो तळात रुततो, आणि साखळी आडवी ओढली गेली तरच रुतलेला राहतो. म्हणून दहा मीटर पाण्यात निदान पन्नास मीटर साखळी सोडायची, मग इंजिन उलटं चालवून ताण द्यायचा. त्या वेळी मी साखळीवर पाय ठेवून उभी राहते. नांगर घसरत असेल तर तळव्याला खडखड जाणवते. धरला की साखळी ताठ होते आणि गप्प बसते. एवढं करूनही रात्री वारा फिरला की बोट त्या साखळीभोवती अर्धा गिरका घेते, आणि शेजाऱ्यानेही तसाच घ्यावा अशी आशा करत मी अंथरुणातून बाहेर डोकावते.

म्हणूनच अनोळखी बंदरात आम्ही रात्री शिरत नाही, दिवे कितीही जवळ दिसोत. समुद्रात खरोखर थांबणं म्हणतात ते अशा वेळी. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणायचं, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधून टाकायचं. दोघं एकमेकांना अडवतात आणि बोट जवळपास जागच्या जागी, हळूहळू वाहत राहते. हेलकावे लगेच उतरतात. किनारा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा आपल्याला ढकलेल त्या बाजूला, नसेल आणि वाहायला भरपूर मोकळी जागा असेल, तरच हे करायचं. पाळ्या तेव्हाही चालू असतात. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हवंच असेल तर ते हे: थांबलो तर बंदराबाहेर थांबतो, उजाडेपर्यंत.