नोट्सचं पुस्तक करताना: माझा अनुभव

मी दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात फर्स्ट इयरला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, आधी सी भाषा शिकवायचो. सात-आठ वर्षांच्या नोट्स साचल्या होत्या, काही वहीत, काही वर्डमध्ये, अन् दरवर्षी पोट्टे त्याच्याच झेरॉक्स मारायचे. म्हटलं एकत्र करून मराठीत पुस्तकच काढू, उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल. दीड वर्ष लागलं.

पहिला घोळ फॉन्टचा. जुन्या नोट्स कृतीदेवमध्ये होत्या, अन् कृतीदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फक्त दिसायला मराठी. त्यामुळे अख्खं पान युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारी खरी मराठी अक्षरं) कन्व्हर्टरमध्ये टाकलं की मजकूर नीट यायचा पण मधला प्रोग्रामही मराठी अक्षरांचा चिवडा होऊन निघायचा. मग प्रोग्राम आधी काढून घेतले, उरलेला मजकूर कन्व्हर्ट केला, प्रोग्राम परत हाताने टाकले. वर्ड सरळ अवतरण चिन्हं वळणदार करून टाकतो, ओळीच्या सुरुवातीला प्रिंट लिहिलं तर पी कॅपिटल करतो. पानावर डोळ्याला काहीच खटकत नाही, पण पोरगं फाईलमधून कॉपी करून चालवतं अन् एरर येतो. ऑटोकरेक्टमध्ये जाऊन हे दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करा, मी शंभर पानं झाल्यावर केलं. काही प्रोग्राम तर जुन्या पायथन 2 चेच राहिले होते, प्रिंटला कंस नसलेले, त्या पायथनचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 लाच संपला. म्हणून नंतर ठरवलं, स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एकही प्रोग्राम पुस्तकात जाणार नाही.

पण खरं काम वेगळंच निघालं. माझ्या नोट्स मला आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या होत्या. 'इनपुट, टाईप सांगणे' एवढीच ओळ, बाकी सगळं मी वर्गात फळ्यावर बोलायचो. पुस्तक वाचणारं पोरगं घरी एकटं असते, बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नाही, मोबाईलवरच प्रोग्राम चालवतात, विचारायला कोणी नाही. तेव्हा मला दरवर्षी येणारा प्रश्न आठवला, "सर, पाच अन् पाच दहा व्हाले पायजे, पंचावन्न काऊन येऊन रायले?" मी तो प्रश्न जसाच्या तसा धड्याच्या सुरुवातीला टाकला. इनपुट ही आज्ञा, काहीही टाईप केलं तरी, स्ट्रिंगच म्हणजे नुसती अक्षरं देते, अन् दोन स्ट्रिंगची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं, म्हणून आधी इंट ही आज्ञा लावून आकडा करून घ्यायचा. नोट्समधली एक ओळ, पुस्तकात तीन पानं झाली.

उदाहरणंही बदलावी लागली. आधी सगळीकडे कंपनीतल्या कर्मचाऱ्याचा पगार होता, तो मी काढून कापूस आणला. 437 किलो कापूस म्हणजे किती क्विंटल किती किलो? 100 ने पूर्णांक भागाकार केला की 4, बाकी काढली की 37, दोन ऑपरेटर म्हणजे हिशोबाची चिन्हं एका दमात कळतात. लूपसाठी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला, वेचणीची वही घेतली, प्रत्येक बाईचं वजन लिस्टमध्ये म्हणजे यादीत, एकेक घेऊन बेरीज, शेवटी किलोमागे दराने गुणायचं. ही वही घरोघरी असते, त्यामुळे दर फेरीला बेरीज किती झाली याचा तक्ता पोट्टे न सांगता भरतात. फक्त पायथन लिस्टमधले नंबर शून्यापासून मोजतो, तर पहिल्या बाईचा नंबर शून्य का, यावर अर्धं पान लिहावं लागलं अन् अजूनही माझं समाधान नाही.

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून ऑनलाईन मिळतो, फी नाही, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

छापायच्या आधी कच्ची प्रत सेकंड इयरच्या एका मुलीला दिली, म्हटलं मला काही विचारायचं नाही, जिथे अडशील तिथे पेन्सिलने खूण कर. एकेचाळीस खुणा आल्या. त्यातल्या सहा चुका होत्या, बाकी पस्तीस ठिकाणी मी एक पायरी गाळली होती. त्या पस्तीस जागा लिहून काढायलाच पुढचे चार महिने गेले.