जाळीपलीकडचे आवाज

फोंड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या आंटी दर महिन्याला त्यांच्या चर्चसाठी मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीत) लागणाऱ्या गव्हाच्या चकत्या आणायला मुरगाव तालुक्यातल्या कार्मेल या एकांतात राहणाऱ्या कॅथलिक पंथाच्या एका मठात जातात. चवथीच्या आधीच्या शनिवारी त्यांचा मुलगा गावी नव्हता, म्हणून त्यांची गाडी चालवण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने, चार भिंतींबाहेर सहसा न पडणाऱ्या माद्री (गोव्यात सिस्टरांना हाच शब्द आहे) कशा राहतात हे थोडेफार पाहता आले. मठाचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. पाहुण्यांची गर्दी नको, असे तिथल्या सिस्टरांनी सांगितले आणि ते मला रास्त वाटले.

वळसा पडला तरी जुन्या गोव्यावरून जाऊ या आणि तिथे तासभर सांता मोनिका या जुन्या मठात थांबू या, असा हट्ट मी धरला. संत आगुस्तीनच्या पडक्या, 46 मीटर उंच मनोऱ्याकडे सगळे पर्यटक जातात आणि त्याच्यासमोरच्या या तीन मजली प्रचंड इमारतीकडे पाठ करून छायाचित्रे काढतात. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये या मठाची पायाभरणी केली आणि 1627 मध्ये तो पूर्ण झाला. 1636 मध्ये तो आगीत जळाला आणि पुन्हा उभारला गेला. मठ आगुस्तीनियन पंथाच्या स्त्रियांचा, त्याला नाव संत आगुस्तीनच्या आईचे. भिंतींना बाहेरून दिलेले चिऱ्याचे जाडजूड टेकू पाहिले की देवळापेक्षा किल्ल्याचीच आठवण होते. मठाच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे आणि इतर भागात 1964 पासून सिस्टरांना धर्मशिक्षण देणारी मातेर देई ही संस्था चालते.

मला तिथे अडकवून ठेवले ते एका वेगळ्याच गोष्टीने. 1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले. पुरुषांचे मठ तत्काळ रिकामे करण्यात आले. स्त्रियांच्या मठांना मात्र वेगळा न्याय लावला गेला, तो असा की आत आहेत त्यांनी मरेपर्यंत राहावे, परंतु नवी मुलगी घेऊ नये. सांता मोनिकातली शेवटची सिस्टर 1885 मध्ये वारली. म्हणजे 51 वर्षे हा मठ बंद होत राहिला. या मठांतली प्रार्थना दोन बाजूंनी म्हणण्याची रीत आहे. अर्ध्या जणी इकडे, अर्ध्या तिकडे, स्तोत्राचे एक कडवे या बाजूने उचलायचे, पुढचे त्या बाजूने. कीर्तनात समोरासमोर उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्यांच्या दोन रांगा डोळ्यांसमोर आणाव्यात, म्हणजे कल्पना येईल. मग त्या शेवटच्या वर्षांत, दोन्ही बाजू ओसरत गेल्यावर, कडवे कोण उचलत असेल? संग्रहालयातल्या हस्तिदंती मूर्ती आणि चांदीची भांडी पाहताना माझे लक्ष तिथेच होते आणि तासाचे दोन तास कधी झाले, कळले नाही.

त्याची शिक्षा पुढे मिळाली. झुआरी नदीवरचा नवा पूल ओलांडून, कुठ्ठाळीवरून मठाच्या दारात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मी घंटेची दोरी ओढली, कोणी आले नाही, म्हणून पुन्हा ओढली. आंटींनी माझा हात धरला. “बाय, ती घंटा तुझ्या शाळेची नव्हे. त्या आता प्रार्थनेत. मग जेवण, मग विश्रांती. तीनशिवाय दार उघडायचे नाही.” आम्ही तीन तास गाडीत, पावसाकडे पाहत, डब्यातली पोळी-भाजी खात काढले. आंटी एका शब्दानेही रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागले.

तीनच्या ठोक्याला आत गेलो. एक छोटी खोली, भिंतीत माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर बसवलेला लाकडी फिरता कप्पा. पिंपाला एका बाजूने उभे कापून अर्धे उघडे ठेवावे तसा त्याचा आकार. इकडून वस्तू ठेवायची आणि ढकलायचे, की उघडी बाजू आत जाते आणि आपल्याकडे फक्त लाकडाची गोल पाठ उरते. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याला दिसत नाही. माझी आजी सोवळ्यात असताना आम्ही तिला पाण्याचा तांब्या लांबून जमिनीवर ठेवून देत असू, त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की इथे विटाळ कोणाचाच नाही. आंटींनी पैशांचे पाकीट ठेवले, कप्पा फिरला, आणि चकत्यांची सीलबंद पाकिटे बाहेर आली. त्यांच्यावर एक कागदी पिशवी वेगळी होती.

मी आंटींना मराठीत काहीतरी विचारले, तेवढ्यात लाकडामागून आवाज आला, “ताई, तुम्ही मराठी? या ना, बाजूच्या खोलीत बसा.” बोलण्यात वसईचा हेल स्पष्ट होता.

बाजूच्या खोलीत मधोमध लोखंडी जाळी, अलीकडे दोन खुर्च्या, पलीकडे एक. त्या खुर्चीत तपकिरी झगा आणि काळा दुपट्टा घेतलेल्या, चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या सिस्टर येऊन बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न वसईच्या केळीच्या बागांविषयी विचारला. त्या एकविसाव्या वर्षी मठात आल्या. आजच्या नियमाप्रमाणे कायमचे व्रत घेण्याआधी किमान 9 वर्षे जावी लागतात, त्यामुळे ‘घरात भांडण झाले आणि मुलगी मठात गेली’ ही गावगप्पा त्यांना फार विनोदी वाटते. “भांडणाचा राग 9 वर्षे टिकतो का हो?” त्यांनी हसत विचारले.

दिवस कसा जातो, हे त्यांनी फार साधेपणाने सांगितले. पाचच्या आधी उठणे. स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेसांनी 1562 मध्ये कार्मेल पंथाचा पहिला सुधारित मठ स्थापन केला, तेव्हापासून चालत आलेली तासभराची मूक प्रार्थना सकाळी आणि तेवढीच संध्याकाळी. सामुदायिक स्तोत्रपाठ दिवसातून सात वेळा, ज्यात बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रे, थोडी वगळून, चार आठवड्यांत फिरून येतात. मधल्या वेळेत काम आणि मौन. जेवणानंतर मात्र गप्पांचा वेळ असतो, आणि तोही नियमातच आहे, कारण तेरेसांना रडक्या चेहऱ्याच्या भक्तीचे वावडे होते. मठात 21 पेक्षा जास्त जणी नकोत, हाही त्यांचाच दंडक. मांस वर्ज्य. 14 सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, एकभुक्त राहायचे. आपला चातुर्मास संपत येतो तेव्हा यांचा उपास सुरू झालेला असतो. बाहेर पडता का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “डॉक्टरांकडे जातो. आणि मतदानाला जातो, सगळ्या मिळून.”

चकत्यांविषयी मात्र त्या भरभरून बोलल्या. फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी. मीठ नाही, यीस्ट नाही. पातळ पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांत ओतून दाबायचे, की कागदासारखी पापडी तयार होते. ती लगेच कापली तर तडकते, म्हणून रात्रभर दमट जागी ठेवून नरम करायची आणि मग गोल साच्याने कापायची. पावसाळ्यात ही कसरत उलटी होते. हवाच इतकी ओली, की कापलेल्या चकत्या सुकवणे हेच मोठे काम. “एक हात पिठात, मन स्तोत्रात, असे म्हणायचे असते,” त्या म्हणाल्या, “पण पाटी चिकटली की मन पाटीतच असते.” मला हे वाक्य त्यांच्या बाकी सगळ्या माहितीहून मोलाचे वाटले.

मी सांता मोनिकातली माझी शंका काढली. एकटीच उरली तर दुसरी बाजू कोण म्हणणार? त्यांना त्यात काही अवघड दिसले नाही. “आजारी असलो की खोलीत एकटीच म्हणतो. तेव्हा दोन्ही बाजू आपणच म्हणायच्या.” आणि घंटा झाली, तशा त्या वाक्याच्या मध्येच उठल्या, हात जोडले, आणि गेल्या. निरोपाचे लांबण लावण्याची सवय असलेल्या मला ते क्षणभर तुटक वाटले. पण जाता जाता त्यांनी सांगून ठेवले होते की ज्यांच्यासाठी प्रार्थना हवी त्यांचे नाव कागदावर लिहून कप्प्यात ठेवा. मी बाबांचे नाव लिहिले, खाली ‘मोतीबिंदू, पुढच्या बुधवारी’ असेही लिहिले आणि कप्पा फिरवला.

सांजप्रार्थनेला चॅपेलमध्ये बाहेरच्या बाकांवर आम्ही दोघी आणि एक म्हातारे गृहस्थ, एवढेच होतो. सिस्टर वेदीच्या डाव्या अंगाला, दुसऱ्या जाळीमागे. एकीचाही चेहरा दिसला नाही. वाद्य नाही, आवाज चढवणे नाही, बहुतेक स्तोत्र एकाच सुरावर. इंग्रजीत होते, तरी पाठ सुरू झाल्यावर भाषेकडे माझे लक्ष राहिले नाही, कारण प्रत्येक ओळीच्या मध्ये त्या सगळ्या एकदम थांबत होत्या. एक श्वास जाईल एवढेच ते थांबणे, पण कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. उजवीकडून एक कडवे आले, डावीकडून दुसरे. डावीकडच्या आवाजांत एक कापरा, अतिशय म्हातारा आवाज होता, तो दर ओळीला अर्धा शब्द मागे राहायचा, आणि मग पुढच्या थांबण्यात बाकीच्या त्याची वाट पाहत आहेत, असे मला वाटले.

परतताना आंटींनी ती कागदी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. त्यात चकत्या कापून उरलेली कात्रणे होती, गोल भोके पडलेली, पांढरी, हलकी. चवीला जवळजवळ काहीच नाही. जिभेवर टेकली की विरतात आणि मागे भाजल्या पिठाचा वास तेवढा राहतो. आंटींनी लहानपणी याच कात्रणांसाठी भावंडांशी मारामाऱ्या केल्या होत्या. बोरीचा पूल येईपर्यंत आम्ही पिशवी संपवली.