स्पीडचा काटा मागे का? पॅनेलमागची पावसाळी कामं

मंडळी, पावसात उडणं बंद, म्हणून वेंगुर्ल्याच्या शेडमध्ये आमच्या दोन सीटर मायक्रोलाइटचं, म्हणजे हलक्या छोट्या विमानाचं, मीटरचं पॅनेल उघडलंय. तक्रारी दोन. उघडीप असताना, वारा पडलेला, जोरात टॅक्सी केली, म्हणजे विमान जमिनीवरच पळवलं, तर जीपीएसवर 45 नॉट (ताशी सागरी मैल) आणि हवेतला वेग दाखवणाऱ्या एअरस्पीडचा काटा 35च्या आसपास. शिवाय अल्टिमीटर (उंची दाखवणारा मीटर) जमिनीवरच 250 फूट दाखवतोय. मालक काकांचा निकाल तयार: "दोनय मीटर जुने झाले, बदलून टाक रे."

अल्टिमीटर निर्दोष निघाला. सबस्केल (त्या दिवशीचा हवेचा दाब लावायची छोटी पट्टी) 1013वर आणि त्या दिवशी हवेचा दाब 1004. समुद्रसपाटीला एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट धरा, हिशेब लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे दाब उतरलेलाच असतो.

एअरस्पीडने मात्र घाम काढला. पिटो, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब मीटरला पोचवणारी नळी, पूर्ण तुंबली असती तर काटा हललाच नसता. इथे तो हलतो, पण मागे राहतो. म्हणजे संशय गळतीवर.

गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी दाब मोजायला फळीवर यू आकारात ठोकून पिटोच्या नळीला जोडली, आतल्या पाण्यात रंगासाठी थोडं कोकम आगळ. दोन बाजूंच्या पातळीत 6 सेंटीमीटर फरक म्हणजे 60 नॉट, साडेसोळा म्हणजे 100. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, त्यामुळे 40 नॉटला जेमतेम अडीच सेंटीमीटर मिळतात. कमी वेगात बारीकशी गळतीही भारी पडते ती यामुळेच.

सिरिंजने हळूहळू दाब दिला (तोंडाने फुंकू नका, आतली डायफ्रॅम जाते) आणि नळी चिमटली. काटा लगेच उतरायला लागला. मग एकेक तुकडा क्लॅम्पने बंद करत गेलो. पॅनेलमागच्या टी-जॉइंटपाशी नळी पिवळी, कडक झालेली. सरळ धरली तर धड दिसते, जरा वाकवली की केसाएवढी चीर उघडते. नवी नळी घातल्यावर काटा मिनिटभर जागचा हलला नाही. मीटर जुनाच आहे आणि बरोबर आहे.

पिटोच्या तोंडाला आता लाल फीतवाली टोपी. शेडच्या वाशांवर कुंभारीण माशीची मातीची घरटी आहेतच. 1996 साली डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बोइंग 757 पडून 189 माणसं गेली, तेव्हाही तुंबलेल्या पिटोमागे असल्याच माशीच्या घरट्याचा संशय होता.

स्टॅटिक लाइनची (बाहेरच्या स्थिर हवेचा दाब मीटरला देणारी नळी) गळती तपासायची राहिलीय. त्यानंतर परवानाधारक इंजिनिअर येऊन बघतील आणि सही त्यांचीच.