तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसा चित्रं, रात्री प्रहसनं

चिपळूणला आमच्या घरी आलेले पाहुणे आधी भिंतीवरची चित्रं बघतात. रात्री टीव्हीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हा प्रहसनांचा कार्यक्रम लागला की मात्र विचारतात, "ताई, एवढी चित्रांची आवड, मग हे कसं काय बघता?" आपुलकीने विचारतात, म्हणून सांगते.

चित्रांची गोडी मला सावर्ड्याने लावली. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, तिथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. मुलं कौलारू घरं, खाडी, होड्या सुरेख रंगवतात. पण माझे पाय अडतात ते वेगळ्याच चित्रांपाशी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. त्यानंतर एका मुलाचं चित्र पाहिलं, त्यात नुसती भिंत होती. वर पोपटी रंग, खाली चिखलाची आडवी रेघ, मध्ये कॅलेंडरचा रिकामा खिळा. पाणी नाही, माणूस नाही. आमच्या माजघरातही अगदी तशीच रेघ उठली होती. माडांचं कोकण कोणालाही आवडतं, मलाही आवडतं. पण कालपरवाचं कोकण कागदावर आणायला छाती लागते.

आणि जलरंगात पांढऱ्यासाठी रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. हात कुठे आवरायचा हे ज्याला कळलं, त्याच्या चित्रात ऊन पडतं. हास्यजत्रेत समीर चौघुले वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे नुसते बघत राहतात, तेव्हा मला तेच कोरं सोडणं दिसतं. आणखी एक शब्द बोलले असते तर हसू गेलं असतं. आमच्या चिपळूणचा ओंकार भोजने बोलायला लागला की तो हेल ओळखीचा वाटतो, आणि त्या हेलासकट तो सगळ्या महाराष्ट्राला आवडतो याचा मला फार आनंद आहे.

रात्री जागून हसण्याची सवय आम्हाला टीव्हीने लावलेली नाही. नमन म्हणजे आमच्याकडचं रात्रीचं लोकनाट्य. त्यात गण, म्हणजे गणपतीचं स्तवन झालं की गौळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची मावशी येतात, आणि गावात काय चाललंय ते त्यांच्या तोंडून निघतं. खाली सिंधुदुर्गात दशावतार या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. नट उभ्या उभ्या संवाद रचतात, देवादिकांच्या गोष्टीत रखडलेला रस्ताही येऊन जातो. आजचं आजच सांगायचं, समोरच्या माणसाला सांगायचं. त्या भिंतीच्या चित्रानेही हेच केलं होतं. म्हणून मला एक कला वरची आणि दुसरी खालची असं कधी वाटलं नाही.

तुम्ही शिमग्यात या. कोकण रेल्वे सावर्ड्याला थांबते. दिवसा चित्रं बघू, रात्री जवळपास नमन असेल तिथे जाऊ, नसेल तर टीव्ही आहेच. आणि एखादं चित्र मनात भरलं तर त्याचा नुसता फोटो काढून जाऊ नका. त्या मुलाला किंमत विचारा आणि विकत घ्या.